जुन्या बुलेटला पॉइंट बरे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन?

बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी बाबांची १९८२ची बुलेट ३५० आहे, तिला मी अजून पॉइंटच ठेवलेत, म्हणजे इंजिनाबरोबर उघडझाप करणारा छोटा स्विच. पॉइंट उघडले की कॉइलमधला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीतला) प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. फट ०.३५ ते ०.४० मिमी हवी. तोंडं काळवंडली की बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, मग फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायचा. किंचित अडकत गेला की जमलं. पॉइंटची टाच, म्हणजे फिरत्या कॅमवर घासणारा भाग, झिजते, म्हणून हे अधूनमधून करावंच लागतं.

इलेक्ट्रॉनिकमध्ये पॉइंटऐवजी सेन्सर असतो, त्यामुळे ही कटकट नाही, ठिणगीचं टायमिंगही हलत नाही. रोज कामावर गाडी नेणाऱ्याने तेच बसवावं. किट गाडीच्या व्होल्टेजचं आहे ना, एवढं बघा. पण रस्त्यात बंद पडलं तर हातात काही उरत नाही. पॉइंट मी विश्वामित्रीच्या पुलावर, रात्री टॉर्चच्या उजेडात नीट केलेत. कंडेन्सर (पॉइंटची तोंडं जळू न देणारा छोटा भाग) मात्र एक जादा जवळ ठेवाच.