आम्ही टाइल उलटून पाहिलीच नाही

बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटरवर काढली. नोट हातात आली की उजेडाकडे धरायची आणि उलटून बघायची, ही सवय हाडात मुरलेली. तरी घरच्या बाथरूमच्या कामात मी असा फसलो की सांगायलाही लाज वाटते. पण सोसायटीत आणखी दोघांनी तेच काम काढलंय, म्हणून लिहितोय.

आमची डोंबिवलीतली इमारत ९२ सालची. खालच्या घराच्या छताला ओल धरली होती आणि आई ८४ वर्षांची, तेव्हा जुनी गुळगुळीत फरशी काढून, काचेचं पार्टिशन घालून शॉवरची जागा वेगळी करायची ठरली. बाथरूम ४ बाय ७, म्हणजे तळ फक्त २८ चौरस फूट. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतला, शेजाऱ्यांचं किचन त्यानं छान केलं होतं. त्याच्याबरोबरच एका शोरूममध्ये गेलो. शॉवरखाली घालायला फिकट राखाडी, बारीक खरखरीत दाण्याची व्हिट्रिफाइड टाइल काढली. तिथल्या मुलानं तिच्यावर पाणी ओतलं आणि म्हणाला, ‘काका, चप्पल काढून उभे राहा.’ राहिलो. पाय धरून ठेवत होती. ‘आर ११ आहे,’ तो म्हणाला. भाव ८५ रुपये फूट. भिंतीला १२ बाय १८ची सिरॅमिक, ५२ रुपये.

(हे ‘आर’ प्रकरण मी नंतर समजून घेतलं. आर ९ ते आर १३ अशी चढती पकड असते, पण ती चाचणी तेल टाकलेल्या उतारावर बूट घालून करतात. अनवाणी, साबणाच्या पाण्यातली चाचणी वेगळी, तिला ए, बी, सी असे वर्ग आहेत. शॉवरसाठी विचारायचं ते हे.)

शोरूमच्या बाहेर आल्यावर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘माल मी उचलतो. पक्कं बिल घेतलंत तर १८ टक्के वर जातील. एस्टिमेटवर काम करू, पैसे मला जीपेवर टाका.’ आणि मी, आयुष्यभर व्हाउचरशिवाय रुपया न सोडलेला माणूस, ‘चालेल’ म्हणालो. त्यानं मला फसवलं हे खरं, पण दार मीच उघडून दिलं.

टेम्पो आला तेव्हा मी आईच्या पेन्शनच्या कामाला गेलो होतो. परत आलो तर बॉक्स फाडून पुठ्ठे भंगारवाल्याला गेलेले. मिस्त्रीनं टाइल पाण्याच्या टबात बुडवून ठेवल्या होत्या, भिंतीच्या एका टबात आणि तळाच्या दुसऱ्या. दोन्ही टबांतून बारीक बुडबुडे येत होते, सोडावॉटरसारखे. मी कौतुकानं बघत उभा राहिलो. बायकोला हाक मारून दाखवलंसुद्धा, ‘बघ, किती व्यवस्थित काम करतात.’

ते बुडबुडे म्हणजेच चोरी होती. भिंतीची सिरॅमिक टाइल सच्छिद्र असते, वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. सिमेंटवर लावण्याआधी तिला भिजवतात ते त्यामुळेच. व्हिट्रिफाइड मात्र अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. तिला भिजवायची गरज नसते आणि भिजवली तरी बुडबुडे कुठून येणार? माझ्या तळाच्या टबात सिरॅमिक होती. रंग तोच, डिझाइन जवळजवळ तेच. वर हात फिरवला तर ‘मॅट’ लागत होती, म्हणून मी समाधान मानलं. मॅट म्हणजे चकाकी नसलेली, एवढंच. अँटिस्किड, म्हणजे न घसरणारी, नव्हे. कोरड्या बोटाला फरक चटकन कळत नाही, साबण पडला की कळतो.

आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं. आईचा पाय सरकला, तिनं नळाची तोटी धरली म्हणून वाचली. मनगट सुजलं. ‘अरे, तुझी ती धरून ठेवणारी फरशी कुठाय?’ तिनं विचारलं.

दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. थोड्या टाइल उरल्या होत्या. त्यांनी एक उलटी केली आणि पाठीवर चमचाभर पाणी टाकलं. पाणी क्षणात आत गेलं, काळपट डाग तेवढा राहिला. ‘भिंतीची आहे साहेब,’ म्हणाले. मग त्यातल्याच दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरल्या, तर मधून उजेड दिसला. वाकलेला माल, सेकंड. माळ्यावर एक फाटका पुठ्ठा सापडला, त्यावर ‘प्रीमियम’चं स्टिकर. नखानं खरवडलं तर खाली छापलेलं ‘कमर्शियल’, म्हणजे खालची प्रत. पुठ्ठ्यावर साइज, ग्रेड, शेड नंबर, बॅच, नग, किती चौरस मीटर, सगळं छापलेलं असतं. म्हणून तर पुठ्ठे इतक्या घाईनं गेले.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणाला, ‘काका, मोरबीचाच माल आहे.’ असेल की. गुजरातमधलं मोरबी म्हणजे टाइलच्या कारखान्यांचं गाव. शोरूममधला चांगला मालही मोरबीचा आणि हा सेकंडही मोरबीचाच.

मग मी हिशोबाला बसलो. बसायला हवं होतं आधी. भिंतीच्या टाइलचे त्यानं २२ बॉक्स लावले होते, बॉक्सला ९ फूट धरून. तोंडी सगळे १२ बाय १८ म्हणतात, पण टाइल असते ३०० बाय ४५० मिलिमीटर. सहा नगांचा बॉक्स भरतो ८.७२ फूट. दर बॉक्सला पाव फुटाहून जास्त हवेतच. आणि आमच्या भिंती, दार वजा करून, १३७ फूट. त्यावर तुटफुटीचे १० टक्के धरले तरी १८ बॉक्समध्ये काम आटोपतं. वरचे चार बॉक्स बहुतेक टेम्पोतून उतरलेच नाहीत. खोटं कशाला बोलू, वॉटरप्रूफिंग मात्र त्यानं नीट केलं. ४८ तास पाणी भरून ठेवलं, खाली थेंब नाही.

शोरूममध्ये गेलो तर त्यांनी एस्टिमेट बघून परत दिलं. कॉन्ट्रॅक्टरनं त्यांच्याकडे नुसती चौकशी केली होती, माल उचललाच नव्हता. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला पाठ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं हेही ठाऊक आहे. पण कागद कुठला जोडू? जीपेवर ‘टाइल्स’ असं मीच लिहिलंय, कुठली ते नाही. मी माझ्याच हातानं पुरावा १८ टक्क्यांना विकला होता.

तळ फोडावा तर खालचं वॉटरप्रूफिंग जाणार. म्हणून म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्याच फरशीवर, टाइलवर टाइल लावायच्या अ‍ॅडहेसिव्हनं, नवीन ३०० बाय ३००च्या टाइल बसवल्या. ढाळ तोच ठेवला, सांध्यात इपॉक्सी ग्राउट भरलं. या नव्या टाइलचे चारही बॉक्स या वेळी मी स्वतः रिक्षातून आणले. दुकानाच्या पायरीवरच एकेक उघडला, शेड नंबर जुळवले, एका टाइलच्या पाठीवर बाटलीतलं पाणी टाकलं आणि पाच मिनिटं घड्याळ लावून बसलो. दुकानदार वैतागला, पण पाणी तसंच थेंब होऊन राहिलं. मग पक्कं बिल घेतलं, टाइलचं पूर्ण नाव आणि ग्रेड लिहून.

तळ बोटभर वर आल्यामुळे दार घासायला लागलं. सुतारानं खालून रंधा मारून दिला, ४०० रुपये. त्याच्याकडेही मी बिल मागितलं. तो बिचारा बघतच राहिला.