मे महिन्यातलं चंद्रताल, फक्त ६८ हजारांत

११ मेच्या संध्याकाळी आम्ही सहा जण अंबाला कँट स्टेशनच्या बाहेर बॅगांवर बसून एका इनोव्हाची वाट बघत होतो. दोन तास बघितली. गाडी आली नाही. ती येणारच नव्हती, आणि हे मला परभणीत घरी बसूनही कळलं असतं. गाडीवाल्याची चौकशी करायचीही गरज नव्हती, त्यानं पाठवलेला कार्यक्रम नीट वाचला असता तरी पुरे होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सुट्टी मिळते ती मे महिन्यातच. परभणीत तेव्हा पारा ४२-४३ वर असतो, त्यामुळे बर्फाचा नुसता फोटो दिसला तरी माणूस खुळा होतो. मोबाईलवर हिमाचलच्या सहलीची एक जाहिरात दिसली: मनाली, चंद्रतालचं तळं, काझा, कल्पा, शिमला, सात दिवस, सहा माणसं, गाडी-हॉटेलसकट ६८ हजार. बाकीचे लोक ९० हजारांच्या खाली बोलत नव्हते. नंबर लावला तर पलीकडून मराठी!

"सर, मी वसमतचाच. इकडं येऊन आठ वर्षं झाली. आपल्या माणसाकडून काय कमवायचं?"

झालं. परमुलखात आपली बोली ऐकली की आपण पाघळतो. मी तर त्याला वसमतमध्ये कुठल्या गल्लीत घर, हेसुद्धा विचारलं नाही. एकच प्रश्न शहाणपणाचा विचारला होता, की मेमध्ये तिकडचे रस्ते बर्फानं बंद नसतात का. त्याचं उत्तर तयार होतं. "ते जुनं झालं सर. आता अटल बोगदा झालाय, बारा महिने रस्ता चालू. कशाला टेन्शन घ्यायलात?"

हे उत्तर अर्धं खरं होतं, म्हणूनच पचलं. अटल बोगदा आहे, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, ९.०२ किलोमीटर लांब आहे, आणि त्यामुळे रोहतांगचा घाट टळतो. पण बोगद्यातून बाहेर पडलं की माणूस लाहौलच्या खोऱ्यात पोचतो, काझा ज्या स्पितीच्या खोऱ्यात आहे तिथं नाही. स्पितीला जायला पुढं कोकसर, ग्राम्फू, छत्रू, बातल असं करत कुंजुमची खिंड चढावी लागते. तिची उंची साधारण ४,५५० मीटर, म्हणजे आपल्या कळसुबाईच्या पावणेतीन पट. या खिंडीखालून बोगदाबिगदा काही नाही. हिवाळ्यात ती बंद होते, सीमा सडक संघटना बर्फ कापून रस्ता मोकळा करते, आणि गाड्या सुरू व्हायला बहुतेक वर्षी मेअखेर किंवा जून उजाडतो. आमच्या कागदावर कुंजुम पार करायची तारीख होती १४ मे.

पोरांना भूगोल शिकवतो मी. असो.

तोच कागद आता पुन्हा वाचला की प्रत्येक ओळीत काहीतरी सापडतं. "दिवस दुसरा: मनाली ते चंद्रताल, तळ्याकाठी तंबूत मुक्काम." चंद्रताल ही २००५ पासून रामसर यादीतली, म्हणजे जगभरातल्या जपायच्या पाणथळ जागांच्या यादीतली जागा आहे, तिच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. तंबू असतात ते अलीकडं काही अंतरावर, आणि तेही रस्ता उघडल्यावर. त्यात माझी आई ६७ वर्षांची, बीपीची गोळी चालू. मनालीच्या दोन हजार मीटरवरून दुसऱ्याच रात्री तिला सव्वाचार हजार मीटरवर, विरळ हवेत झोपवायचं, असं कोणताही जाणता गाडीवाला सुचवणार नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणारे शिमल्याकडून, किन्नौरमधून, कल्पा-नाको-ताबो असे मुक्काम करत हळूहळू वर चढतात. "मनाली ते काझा २०० किमी" हे वाचून मेव्हणा म्हणाला होता, परभणी ते संभाजीनगर एवढंच की, चार तासांत जाऊ. मीही मान डोलावली. आमच्याकडचा डोंगर म्हणजे बालाघाटाची रांग, तीत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की घाट संपतो. तिकडं बातलच्या बाजूला रस्ता म्हणजे दगडगोटे आणि मधून वाहणारे नाले. ते २०० किलोमीटर आठ-दहा तास खातात.

पैसे दोनदा गेले. आधी निम्मे, ३४ हजार, यूपीआयनं. खातं एका बाईच्या नावावर होतं, तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत." मग आठ दिवसांनी स्पितीचं परमिट आणि तंबूचं बुकिंग म्हणून १२ हजार. भारतीय माणसाला या वाटेनं स्पितीला जायला परमिट लागतच नाही, ते परदेशी लोकांना ठराविक टप्प्यासाठी लागतं. रोहतांगवर गाडी न्यायची तर परवाना लागतो, पण तो सरकारी संकेतस्थळावर किरकोळ पैशांत निघतो.

मागितल्यावर त्यानं बिलही पाठवलं होतं. रंगीत, शिक्का, सही, जीएसटी नंबर. हा नंबर १५ अक्षरी असतो. आमच्या बिलावरचा मी अंबाल्याच्या फलाटावर बोट ठेवून मोजला, १४ भरला. नंबर खरा असता तर जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही दुकानाचं नाव-गाव दिसलं असतं. पहिले दोन आकडे राज्याचे, हिमाचलचे ०२, महाराष्ट्राचे २७. गाडीचा फोटोही आला होता, पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं. म्हणजे खासगी गाडी. भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी असते, हे आपण रोज स्टँडवर बघतो, पण फोटोत बघताना लक्ष गाडीच्या चकाकीवर गेलं. काझ्याच्या हॉटेलचं नाव मात्र खरं होतं. अंबाल्याहून मी तिथं फोन लावला. तिथल्या माणसानं रजिस्टर बघून सांगितलं, तुमच्या नावानं काही नाही. हा फोन दोन मिनिटांचा. महिनाभर आधीही तेवढ्याच वेळात झाला असता.

आता लाजेचा भाग. "वसमतवाल्याचा" फोन बंद झाल्यावर तासाभरानं दुसऱ्या नंबरवरून एक जण हिंदीत बोलला. मी मॅनेजर, गाडीला अपघात झालाय, सगळे पैसे परत करतो, पहिला हप्ता ४,९९९, हा क्यूआर स्कॅन करा. मी केला. पिन टाकला. पैसे यायच्याऐवजी गेले. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हे मीच शाळेत पालकसभेत सांगितलेलं. बायको शेजारी पाण्याची बाटली धरून उभी होती. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणजे एकूण ५१ हजारांना एक रुपया कमी.

मेव्हण्यानं तिथूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी बँक, तारीख, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर विचारला. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. त्यामुळे चॅट, स्क्रीनशॉट काही पुसू नका, राग आला तरी. महिन्यापूर्वीचे ४६ हजार केव्हाच पुढं सरकले होते. नुकतेच गेलेले ४,९९९ तेवढे समोरच्या खात्यात अडकवून ठेवता आले. ते अजून माझ्या हातात आलेले नाहीत, पण अडकलेत ते तासाभरात फोन केला म्हणून. परभणीला आल्यावर सायबर पोलिसांकडं लेखी तक्रारही दिली.

परतीचं सचखंड एक्स्प्रेसचं तिकीट सात दिवसांनंतरचं होतं, म्हणून तसेच परत फिरलो नाही. कालक्याहून शिमल्याला गेलो आणि तिथल्या टॅक्सी युनियनच्या फलकावरचा दर वाचून पिवळ्या पाटीची गाडी ठरवली, अर्धे पैसे निघताना, अर्धे परत आल्यावर. शिमला ते कल्पा सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर. सकाळी सहाला निघालो, मुक्कामी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मेव्हणा वाटेत तासांचा हिशोब करायचं केव्हाच सोडून बसला होता. आईला किन्नर कैलासचं शिखर दिसलं. शाल पांघरून ती अंगणात खुर्चीवर बसली ती जेवायला हाक मारेपर्यंत.

रात्री ड्रायव्हरला मी तो रंगीत कार्यक्रम दाखवला. त्यानं मोबाईलच्या उजेडात सावकाश वाचला आणि "चौदा मई, कुंजुम" या ओळीवर थांबला.

"साहब, ये गाड़ी है या हेलिकॉप्टर?"

मग कागदाची घडी घालून त्यानं विचारलं, हा मी ठेवू का, स्टँडवर पोरांना दाखवतो. मी म्हटलं, ठेव.