पदवीच्या संशोधनाचा पैसा कुणाकडे ठेवावा: मार्गदर्शकाकडे की समितीकडे?

पदवीच्या मुलांनी संशोधन करावं म्हणून महाविद्यालय रक्कम बाजूला काढतं, तेव्हा पहिला प्रश्न असतो ती ठेवायची कुणाकडे. मार्गदर्शक प्राध्यापकांच्या नावे मंजूर करायची, की संशोधन समितीने हातात ठेवून मागणीप्रमाणे द्यायची? सोलापुरात मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय. ज्यांना येत्या जूनपर्यंत हे ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी मुलांचं वेळापत्रक बघा. जुलैत विषय ठरतो, दिवाळीच्या आसपास सत्र परीक्षा येते आणि थंडीत ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेची फेरी. म्हणजे प्रत्यक्ष कामाला जेमतेम तीन महिने मिळतात.

समितीकडे पैसा असला की हिशेब स्वच्छ राहतो, यात शंका नाही. तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, खरेदी आदेश, पुरवठादाराला थेट धनादेश. पाच प्रकल्पांना लागणारी रसायनं एकत्र घेतली तर स्वस्त पडतात आणि pH मीटर एकाच्या कपाटात अडकून राहत नाही. पण वेळ जातो. एका महाविद्यालयात असताना माझी विद्यार्थिनी हिप्परगा तलावाचं पाणी तपासत होती. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर नमुन्यात मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड काठावरच घालावं लागतं. नुसती बाटली भरून प्रयोगशाळेत आणली तर आकडा बदलतो. आमची मागणी समितीत सही न होता पडून होती. शेवटी तिने स्वतःच्या पैशाने रसायनं आणली, पहाटे तुळजापूर रस्त्याने जाऊन नमुने घेतले. बाटलीत ऑक्सिजनची खूण असलेला तपकिरी साका बसला तेव्हा काय आनंद झाला होता तिला! तिचे पैसे परत मिळाले तेव्हा ती पदवी घेऊन बाहेर पडली होती. ज्या घरात महिन्याचा खर्च मोजून होतो, तिथल्या मुलीवर ही वेळ यायला नको होती.

मार्गदर्शकाच्या नावे रक्कम असती तर मी उचल घेऊन त्याच आठवड्यात सामान आणलं असतं. या पद्धतीचा खरा फायदा तोच. रिक्षाभाडं, झेरॉक्स, शेतकऱ्याकडून घेतलेली डाळिंबं अशा बारीक खर्चाला दरपत्रकं मागून चालत नाही.

त्रास नंतर होतो. उचल मार्गदर्शकाच्या नावावर दिसत राहते, आणि शिक्षक बदलून गेला तर प्रकल्पही अडतो. बिलांचं तर विचारू नका. दुकानातल्या छोट्या यंत्रावरच्या पावत्या काही महिन्यांत कोऱ्या पडतात, आणि लेखापरीक्षक कोरा कागद मान्य करत नाही. पावती मिळाली त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मागे प्रकल्पाचं नाव लिहून सही करा. बिल महाविद्यालयाच्या नावे घ्या, विद्यार्थ्याच्या नाही. टिकाऊ वस्तू साठा नोंदवहीत चढवल्याशिवाय बिल पुढे पाठवू नका. पैसा बाहेरच्या संस्थेचा असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला), अखर्चित रक्कम आणि खात्यावरचं व्याज, तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. एकट्या शिक्षकाने शिकवणं सांभाळून हे करणं अवघड आहे.

चार वर्षांच्या पदवीतल्या संशोधनासह ऑनर्सचा विचार वेगळा करावा लागेल. त्यात चौथ्या वर्षी 12 श्रेयांकांचा प्रकल्प असतो, काम वर्षभर चालतं आणि खरेदी आधी आखता येते. त्यासाठी मी समितीच निवडेन.

तुमच्याकडे दोन-चारच प्रकल्प असतील आणि लेखा विभागात समजून घेणारं माणूस असेल, तर मार्गदर्शकाच्या नावे द्या. प्रकल्प जास्त असतील तर पैसा समितीकडे ठेवा, पण प्रत्येक मार्गदर्शकाला जुलैतच छोटी उचल द्या आणि पहिल्या उचलीचा हिशेब आल्यावर दुसरी. मागणीवर किती दिवसांत निर्णय व्हायचा तेही ठरावात लिहून घ्या. आमच्या आताच्या ठरावात आम्ही सात दिवस लिहिलेत, आणि त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर प्राचार्यांच्या सहीने उचल मिळते.