बोटाने दाबताच रंग बदलणारी भुकटी

हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोजची पांढरी भुकटी औषधाच्या गोळ्यांत आणि खाद्यपदार्थांत (मिश्रक क्रमांक ई ४६३) वापरली जाते. प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्यांनीही ती जरूर मागवावी, असे माझे मत आहे.

वजनाने दोन भाग भुकटीत एक भाग पाणी मुरवले, की मधासारखा घट्ट लगदा तयार होतो. त्यातले बुडबुडे निघून जाईपर्यंत काही दिवस धीर धरावा लागतो. मात्र त्यानंतर कोणताही रंग न मिसळता तो लगदा हिरवा, निळा किंवा तांबडा झळकू लागतो. त्यातील रेणूंचे थर एकमेकांवर किंचित वळत रचले जातात आणि एका पूर्ण वळणाच्या उंचीवर कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित होईल हे ठरते. पाणी थोडे वाढवले तर ही उंची वाढून रंग तांबड्याकडे सरकतो, कमी केले तर निळ्याकडे. पारदर्शक सिलिकॉनच्या दोन पत्र्यांमध्ये तांबडा लगदा बंद करून अंगठ्याने दाबला, तर दाबाखाली थर जवळ येतात, अंगठ्याभोवती आधी हिरवी आणि मग निळी कडी उमटतात आणि हात काढल्यावर रंग हळूहळू पूर्ववत होतो. मागे काळा कागद धरल्यास हे सारे कितीतरी ठळक दिसते.

केंब्रिज विद्यापीठात सिल्विया विन्योलिनी यांच्या गटाने २०१८ मध्ये याच पदार्थाची स्पर्शाला प्रतिसाद देणारी, रोल-टू-रोल (गुंडाळीवरून गुंडाळीवर सलग चालणाऱ्या) यंत्रावर बनणारी पट्टी सादर केली. त्यामुळे वर्गात दिसणारा हा प्रयोग चालू संशोधनाचाच भाग आहे, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

खरेदी करताना मात्र दक्षता हवी. कमी स्निग्धतेचीच (पाण्यात विरघळल्यावर कमी घट्ट होणारी) श्रेणी मागावी, कारण जास्त स्निग्धतेची भुकटी एवढ्या प्रमाणात पाण्यात नीट मिसळतच नाही. माझ्या पाकिटावर श्रेणीचा उल्लेखच नव्हता, आणि रासायनिक मालाच्या व्यवहारात हा हलगर्जीपणा अक्षम्य आहे. नावात साम्य असलेले हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज हा वेगळा पदार्थ असून या प्रयोगासाठी तो चालत नाही.

सिलिकॉनच्या पत्र्यांच्या कडा नीट बंद केल्या नाहीत, तर पाणी उडून रंग निळ्यापलीकडे जातो आणि दिसेनासा होतो. पट्टी उन्हातही ठेवू नये; फार तापल्यास लगदा पांढुरका पडतो. एवढी काळजी घेतली, तर या किमतीत याहून बोलका प्रयोग मला तरी दुसरा ठाऊक नाही.