यहोवाच्या साक्षीदारांतून बाहेर पडल्यावर पहिला सण कोणता: वाढदिवस, दिवाळी की नाताळ?

ज्यांचं बालपण साक्षीदारांत, म्हणजे सण-वाढदिवस न पाळणाऱ्या या ख्रिस्ती पंथात गेलं त्यांना माहितीये, वर्षाकाठी एकच दिवस पाळायचा, निसान १४ चा (ही ज्यू पंचांगातली तारीख) येशूच्या मृत्यूचा स्मारकविधी, भाकर आणि वाइन हातोहात फिरते आणि बहुतेक जण न चाखता पुढे देतात. बाकी सगळं बंद. त्यामुळे बाहेर पडल्यावर उत्साह असतो पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, म्हणून मी आणि ओळखीतल्या काहींनी जे करून बघितलं त्यावरून सांगतो.

वाढदिवस बरेच जण आधी निवडतात कारण त्यात पूजा नाही, देव नाही, खर्च बेताचा, आणि दार लावून चार माणसांत उरकता येतो. आत शिकवलेलं कारण डोक्यात घोळत राहतं, बायबलमध्ये वाढदिवस फक्त इजिप्तचा राजा फारो आणि राजा हेरोद यांचा, एकात आचाऱ्याला फासावर लटकवलं, दुसऱ्यात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मुंडकं. (लग्नाचा वाढदिवस मात्र चालतो, हे लॉजिक मला आजतागायत झेपलेलं नाही.) खरी अडचण वेगळीच आहे, सगळे तुमच्याकडे बघून गाणं म्हणतात तेव्हा आपण पण टाळ्या वाजवायच्या का, मेणबत्ती आधी फुंकायची की सुरी आधी लावायची, पहिला घास कोणाला भरवायचा, हे बाकीच्यांना चौथ्या वर्षीच येत असतं आणि आपण तिशीत मख्खासारखे उभे. म्हणून माझं मत, आधी दुसऱ्याच्या वाढदिवसाला जा, एखाद्या लहान पोराच्या असेल तर उत्तम, तिथे तुमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

दिवाळीचं उलट आहे. तुम्ही काही केलं नाही तरी ती दारात येते, शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन उभ्या राहतात. आणि चार-पाच दिवसांचा सण असल्यामुळे पाहिजे तेवढाच तुकडा घेता येतो, हा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. आकाशकंदील लावा, चकल्या खा, लक्ष्मीपूजन सोडून द्या, कोणी विचारत नाही. मित्राकडे पहाटे अभ्यंगस्नानाला गेलात तर उटणं लागेल आणि पायाखाली कारीट फोडायला लावतील, मजा येते, पण ते नरकासुराचं प्रतीक आहे हे कळल्यावर पोटात गोळा येऊ शकतो, तेवढी तयारी ठेवा. भाऊबीज मात्र जड जाते. बहीण अजून आत असेल तर ती ओवाळायला येणार नाही, त्या दिवशी सरळ बाहेरगावी जा.

नाताळ त्यांच्यासाठी बरा ज्यांनी संघटना सोडली पण येशूला नाही. गंमत म्हणजे १९२६ पर्यंत न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या मुख्यालयात हेच साक्षीदार नाताळ साजरा करत होती, त्यानंतर बंद केला. वांद्रे किंवा वसईकडे कोणी ओळखीचं असेल तर मिडनाइट मासला मागच्या बाकावर बसून या, नंतर घरी नेवऱ्या (करंज्या) आणि दोदोल असं गोडधोड मिळतं. तोटा असा की २५ डिसेंबर बायबलमध्ये नाही, हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की कॅरोल चालू असताना पण ते मध्येच डोकं वर काढतं. विश्वासच उरला नसेल तर नाताळाच्या नादी लागू नका, ३१ डिसेंबरला गच्चीवर जा, काम झालं.

गणपती पहिल्या वर्षी नको. समोर मूर्ती, हातात आरतीचं ताट, सगळे उभे, मागे सरकायला जागा नाही.

आता महत्त्वाचं. बाप्तिस्मा झालेला असेल आणि गाजावाजा न करता हळूहळू लांब होत असाल तर हे तिन्ही सारखे नाहीत. वाढदिवसावरून फारतर समज मिळते, पण दिवाळी-नाताळसारखा धार्मिक सण पाळला तर तो धर्मत्याग धरला जाऊ शकतो, प्रकरण मंडळीच्या वडिलांपर्यंत (म्हणजे स्थानिक मंडळी चालवणाऱ्या ज्येष्ठांपर्यंत) गेलं की बहिष्कार, आणि मग आईबापांचं बोलणं कामापुरतं उरतं. त्यामुळे घरचे आत असतील तर वाढदिवसच घ्या आणि फोटो काढणाऱ्या मित्राला आधीच बजावून ठेवा, कारण आपण आपलं स्टेटस लपवतो पण त्याने टॅग केलेलं मावशीपर्यंत संध्याकाळच्या आत पोचतं.