छापील केस की ओपीडीतली केस? निदान शिकणाऱ्यांनी काय निवडावं

क्लिनिकल सायकॉलॉजीत एमए करणाऱ्या मुंबईतल्या मुलांपुढे सुट्टी जवळ आली की हा पेच असतो. केस स्टडीजवर चालणाऱ्या ऑनलाइन कोर्सची फी भरायची, की केईएम, नायर, सायनसारख्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बसू देतात का यासाठी कॉलेजचं पत्र घेऊन खेटे घालायचे? दोन्हीकडे केसवरूनच शिकवतात, पण दोन्हीकडे शिकायला मिळतं ते एकच नव्हे.

छापील केस साधारण अशी असते: वय ३४, विवाहित, तीन आठवडे उदास, कशातच रस नाही, पहाटे चारला जाग, वजन घटलेलं, लक्ष लागत नाही, सतत स्वतःला दोष. डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकन निदानग्रंथाचा निकष पाठ असेल (९ पैकी ५ लक्षणं, किमान २ आठवडे, त्यात उदासी किंवा रस जाणं यांपैकी एक हवंच), तर उत्तर दोन मिनिटांत येतं: मेजर डिप्रेशन.

आता हीच बाई ओपीडीत. केसपेपर काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट घेऊन, वहिनीबरोबर आलेली. ‘अंग दुखतं, डोकं जड होतं, छातीत धडधडतं.’ उदास वाटतं का विचारलं तर ‘नाही हो, तसं काही नाही.’ पुढच्या प्रश्नांना वहिनीच उत्तरं देते, आणि तिच्या मते हा सगळा आळस आहे. पिशवीत थायरॉइडचा रिपोर्ट आहे का, हे कुणीतरी बघायला हवं, कारण थायरॉइड कमी असलं तरी चित्र डिप्रेशनसारखंच दिसू शकतं. झोप कमी असूनही थकवा नाही, बोलणं-खर्च वाढलेला, असे सलग चार-पाच दिवस पूर्वी कधी गेले होते का, हेही विचारायला हवं. उत्तर ‘हो’ आलं तर बायपोलरचा (कधी उदासी, कधी अतिउत्साह असा आजार) विचार करावा लागतो आणि औषधाची दिशाच बदलते. नुसत्या अँटिडिप्रेसंटने मेनिया, म्हणजे तो अतिउत्साह, उसळू शकतो. मग वहिनीला बाहेर बसवून जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारायचं.

छापील केसमध्ये हे सगळं लेखकाने आधीच निस्तरलेलं असतं. कामाचं तेवढं ठेवलेलं, बाकी गाळलेलं. काय विचारायचं हे ठरवणं हाच निदानातला अवघड भाग, आणि नेमका तोच तिथे करावा लागत नाही.

म्हणून छापील केस टाकाऊ ठरत नाही. मुदतींचा हिशेब पक्का करायला तिच्यासारखं साधन नाही: आघातानंतर ३ दिवस ते १ महिना अक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर, महिन्यापुढे पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा विकार), स्किझोफ्रेनियाला डीएसएममध्ये ६ महिने, आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण) १ महिना. कॅटॅटोनियासारखं (हालचाल, बोलणं थिजून जाणं) चित्र ओपीडीत महिनोन्महिने बसूनही दिसेलच असं नाही, पुस्तकात हमखास भेटतं. शिवाय चुकलात तरी कुणाचं नुकसान होत नाही. एक खोट मात्र खटकते. बहुतेक केसेस परदेशी. अंगात येणारी बाई त्यात नसते. मान्य प्रथेचा भाग असलेलं अंगात येणं आजार धरू नये, हे दोन्ही ग्रंथांत आहे, पण ते समोर बघून समजणं वेगळं. केसेस डीएसएमच्या निकषांवर बेतलेल्या असतील तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आयसीडीचं नाव घेतो, हेही लक्षात ठेवा.

ओपीडीचेही फार गोडवे गाऊ नयेत. गर्दी एवढी की जुन्या पेशंटला काही मिनिटंच मिळतात. कोपऱ्यात बसलेल्या निरीक्षकाला प्रश्न विचारता येत नाही, आणि शिकवायला सीनिअरला सवड असेलच असं नाही. मिळाली तर केस कॉन्फरन्स पकडा: एकच पेशंट, सविस्तर हिस्टरी, मानसिक स्थितीची तपासणी आणि वरिष्ठांचे उघड मतभेद. दोन अनुभवी लोक एकाच पेशंटबद्दल का भांडतात, हे ऐकणं माझ्या मते कुठल्याही कोर्सपेक्षा मोलाचं.

निकष अजून डोक्यात बसले नसतील, किंवा फक्त प्रवेशपरीक्षा समोर असेल, तर छापील केस पुरे. तीही निम्मी झाकून वाचा आणि पुढे काय विचाराल ते आधी लिहून काढा. समुपदेशक किंवा समाजकार्यकर्ते असाल तर आजाराला नाव देण्यापेक्षा कुणाला कधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं हे कळणं महत्त्वाचं. त्यासाठी ओपीडीच बरी. आणि निदान करण्याचं सर्टिफिकेट देऊ म्हणणाऱ्या कोर्सपासून चार हात लांब राहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, ती अशा कागदावर मिळत नाही.

पैसे कोर्सवरच घालवायचे ठरलं, तर आधी फोन करून विचारा: मी घेतलेली मुलाखत कुणी बसून ऐकणार आहे का, निदान रोल-प्लेमधली तरी? नुसत्या पीडीएफ आणि रेकॉर्डिंग मिळणार असतील तर फी वाचवा, तेवढ्यात पुस्तकं येतील.