नवी बॉनेट केबल आणि खटक्याला बांधलेली जादा वायर: आठ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत बॉनेटची केबल तुटली, म्हणजे गाडीतला लिव्हर ओढल्यावर पुढचा खटका सोडवणारी वायर. तेव्हा नवी केबल टाकली, पुढचा खटका खोलून साफ करून घेतला आणि केबल पुन्हा तुटली तर बाहेरून बॉनेट उघडता यावं म्हणून त्याला सायकलच्या ब्रेकची एक जादा वायर बांधून घेतली. आता मार्च चालू आहे. तिन्ही गोष्टी कशा चालल्या ते सविस्तर सांगते, कारण हे मला आधी माहीत असतं तर बॉनेटची कड आज सरळ असती.

गाडी बारा वर्षांची हॅचबॅक. नाशिकमध्ये इंदिरानगर ते सातपूर एमआयडीसी रोजचं जाणं-येणं, शिवाय पावसाळ्यात त्र्यंबकच्या फेऱ्या. जूनपासून लिव्हर जड लागत होता. जोर लावला की उघडायचं, म्हणून मी तसंच चालवून घेतलं. चूक तिथेच झाली. ही केबल बाइकच्या क्लच वायरसारखीच असते: बाहेर नळी, आत पोलादी तारांचा पीळ, टोकाला गुंडी. खटक्यात चिखल सुकून बसला की तो हलत नाही आणि आपण लावलेला सगळा जोर त्या गुंडीपाशी येतो. तिथे एकेक तार तुटत जाते. मग एक दिवस लिव्हर लुळा पडतो.

माझा लुळा पडला त्याच सकाळी बॅटरी उतरलेली, आणि बॅटरी बॉनेटखाली. बोलावलेल्या गॅरेजवाल्याने फटीत टॉमी घालून उचकटायला घेतलं. रंग उडाला, कड वाकली, बॉनेट जागचं हललं नाही. मी त्याला थांबवलं. खटक्याने बॉनेटचा आकडा धरून ठेवलेला असतो; वर उचकटलं की ती पकड आणखी आवळते. दाबायचं असतं ते खाली.

सासरे म्हणाले, "तू आत बस, मी वरून दाबतो. ओढताना सांग मला." मोबाइलचा टॉर्च लावून मी लिव्हरच्या मागे पाहिलं. काळ्या नळीतून जेमतेम बोटाच्या पेराएवढी वायर बाहेर आली होती, टोकाला झाडूसारखी पिंजलेली. ती नोज प्लायरमध्ये धरून एक वेढा दिला. "बाबा, दाबा!" ते तळवे टेकवून दाबायचे, मी ओढायची. तिसऱ्या खेपेला पुढून खट् असा आवाज आला. मग फटीतून बोट घालून आतला सेफ्टी हूक सरकवला. असा आनंद मला गाडी घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

लिव्हर लुळा असेल तर वायर तुटली किंवा निसटली असं समजा; घट्ट असेल तर दोष बहुतेक खटक्यात. वायर पुढच्या टोकाला तुटली असेल तर माझी युक्ती चालत नाही. तेव्हा जाळीतून लांब स्क्रू-ड्रायव्हरने किंवा खालचं प्लॅस्टिक कव्हर काढून खटक्याची पट्टी सरकवावी लागते. हे काम इंजिन थंड झाल्यावरच करा. गरम इंजिनवर चावी काढलेली असली तरी काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, आणि हात नेमका तिथेच असतो.

सातपूरच्या मिस्त्रींनी दहाच्या पान्याने खटका सोडवला. त्याआधी त्याची जागा मार्करने आखून घेतली, म्हणजे बॉनेट पुन्हा त्याच रेषेत बसावं. आतली लाल माती जुन्या ग्रीसमध्ये मिसळून चिक्कीसारखी घट्ट झाली होती. "ताई, वायर बिचारी शेवटी गेली. आधी हा गेलाय," ते म्हणाले. बॉनेट उघडं असतानाच त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने खटका लावायचा, मला लिव्हर ओढायला सांगायचं, असं दहा-बारा वेळा केलं. ही तपासणी कुठेही काम करून घ्या, बॉनेट लावण्याआधी आग्रहाने करून घ्या. केबल ३८० रुपये, मजुरी ५०० लागली.

केबलबद्दल तक्रार नाही. पहिल्या महिन्यात लिव्हरला थोडा ढिलेपणा आला होता, नळी क्लिपमध्ये नीट बसवल्यावर गेला. ग्रीसबद्दल मात्र आहे. थंडीत निफाडचा पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा नाशिकच्या सकाळीही बोटं आखडतात, आणि जानेवारीत लिव्हर पुन्हा जड वाटला. या वेळी वाट पाहिली नाही. जाड ग्रीस पुसून पातळ, पांढरं लिथियम ग्रीस लावलं, आता एका बोटाने उघडतं.

जादा वायर खटक्याच्या पट्टीला अडकवून खालच्या कव्हरच्या आड आणली आहे, टोकाला छोटा फास. ती ताणलेली नको, नाहीतर खड्ड्यात खटका सुटेल. पंखा आणि बेल्टपासूनही लांब हवी. फास बाहेर दिसू देऊ नका, कारण तो ज्याला सापडेल त्याला बॉनेट उघडता येईल. साधी वायर ऑक्टोबरपर्यंत गंजली, म्हणून प्लॅस्टिकचं आवरण असलेली घातली. अजून गरज पडलेली नाही, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा गाडी धुतात तेव्हा तिनेच बॉनेट उघडून बघतात. मे महिन्यात खटका पुन्हा धुऊन घेणार आहे, त्र्यंबकचा पाऊस लागायच्या आत.